शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेनंतर

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. सगळा दवाखानाच त्यांना मामा म्हणायचा. मोठ्या सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामा, मग जावयाने आणखी वेगळं काय म्हणायचं?

ऑपरेशनच्या आधी पेशंटची हजामत करणं, हे त्यांचं काम. डोक्याचं ऑपरेशन असेल तर डोकं, पोटाचं असेल तर पोट. साबणाची वाटी, ब्रश आणि वस्तरा घेऊन मामा वॉर्डाच्या दारात दिसले की पेशंट चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचा, कारण मामा आले म्हणजे आपली पाळी आली. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते दारातूनच बोलायला लागायचे. "घाबरायचं काही नाही. मी नुसते केस काढतो. बाकीचं काढणारे आत बसलेत." पेशंट हसला की कातडी सैल पडते आणि वस्तरा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरी मात्र त्यांच्या विनोदाला हसणारं कुणी नव्हतं. माझी सासू हसायची नाही. रडायचीही नाही. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ती खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्याकडे बघितलं, जसं कुणी भिंतीकडे बघावं तसं, आणि पुन्हा हातातल्या टॉवेलची घडी घातली. घड्या संपल्यावर मामांनी कपड्यांचा ढीग हळूच विस्कटला आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवला. ती परत पहिल्यापासून घालायला लागली.

"तिला हाताला काम लागतं," मामा मला म्हणाले. "बाकी काही त्रास नाही हो तिचा."

बायकोने मला आधीच सांगून ठेवलं होतं. "माझी आई अशीच आहे. मी लहान असताना तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. याहून वेगळी ती मला आठवतच नाही." हिच्या वेण्या बापाने घातल्या, डबा बापाने भरला, शाळेच्या सभेला बाप गेला. शाळेत सगळ्यांत सुबक वेण्या हिच्याच असायच्या, कारण घालणाराच त्यातला उस्ताद. एकदा ही जिन्यावरून पडली आणि कपाळ फुटलं. रडत आईपुढे जाऊन उभी राहिली. आईने तिच्याकडे बघितलं, रक्त ओघळत होतं ते बघितलं, आणि हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पूर्ण केली. हिने ही गोष्ट मला सांगितली तेव्हा तक्रारीच्या सुरात नाही सांगितली. पाऊस पडला, खिडकी बंद केली, इतक्या साधेपणाने सांगितली.

सासूबाई गेल्या त्याही तशाच. छातीत कफ साठला होता, ताप होता, पण काही होतंय हे त्यांनी सांगितलंच नाही. मामांनी रोजच्यासारखा चहाचा कप हातात दिला आणि कप हातातच राहिला.

त्यानंतर मामा आमच्याकडे राहायला आले. तोवर ते निवृत्त झाले होते. दवाखानाही गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेला होता आणि जुनी दगडी इमारत बरीच वर्षं कुलूपबंद होती. मग एक दिवस पेपरात आलं की त्या इमारतीच्या माथ्यावरचं जुनं ऑपरेशन थिएटर आता संग्रहालय म्हणून उघडणार आहे. शस्त्रक्रियेचा इतिहास, तोही ज्या खोलीत घडला त्याच खोलीत.

मामांना फार गंमत वाटली. "जन्मभर मला त्या दारातून आत ढकलत होते. आता आत जायला तिकीट!"

रविवार बघून जायचं ठरलं. हिला नेमकी ड्युटी लागली. ही वीज कंपनीच्या तक्रार विभागात होती, आणि वीज काही रविवार बघून जात नाही. म्हणून आम्ही दोघंच गेलो.

लिफ्ट बंद होती. मामा कठड्याला धरून, मजल्यामजल्यावर थांबत चढले. वर मोठी गोल खोली. छत काचेचं, कारण जुन्या काळी दिवे पुरे पडायचे नाहीत, सूर्याच्या उजेडात कापाकापी चालायची. मधोमध लाकडी टेबल, त्याच्या कडांना चामड्याचे पट्टे. भोवती पायऱ्यापायऱ्यांचे उभे राहायचे कठडे, शिकाऊ डॉक्टरांनी वरून बघावं म्हणून. टेबलाखाली भुशाची पेटी होती. रक्त त्यात पडायचं. संग्रहालय सांभाळणारी तरुण बाई, चष्मा लावलेली, हसतमुख, हे सगळं इतकं छान सांगत होती की लोक आपण होऊन पेटीपाशी वाकून बघत होते. एका कोपऱ्यात बटण होतं. ते दाबलं की जुन्या जंतुनाशकाचा वास सुटायचा. शाळेतली मुलं ते पुन्हा पुन्हा दाबत होती आणि नाकं धरून पळत होती.

हाडं कापायच्या करवती, भूल द्यायची जाळीची टोपी, लोकांच्या पोटातून काढलेल्या वस्तूंचं एक कपाट. किल्ल्या, टाचण्या, एक अख्खा चमचा, कुणाची तरी कवळी. मामा कवळीपाशी थांबले आणि म्हणाले, "हे गृहस्थ मला आठवतात. जेवताना हसले होते." खरं की खोटं देव जाणे. पण मी हसलो, शेजारची दोन माणसं हसली, आणि मामांच्या चेहऱ्यावर वॉर्डात असायचा तसा रंग चढला. मला वाटलं, बरं झालं आणलं यांना.

त्या गोल खोलीच्या बाजूला एक अरुंद खोली होती. दारावर पाटी होती, 'मनाची शस्त्रक्रिया'. मामा पुढे होते. मी मागून आत गेलो तेव्हा ते काचेच्या कपाटापाशी उभे होते. आत एक बारीक लोखंडी सळई, एक छोटी हातोडी आणि कवटीला भोक पाडायचं गिरमिट. खाली माहिती. ज्यांचं मन ताब्यात राहत नाही अशा पेशंटच्या मेंदूच्या पुढच्या भागातले धागे या अवजारांनी तोडत असत. ही पद्धत पुढे बंद पडली.

मामा अवजारांकडे बघत नव्हते. ते वर, भिंतीकडे बघत होते.

भिंतीवर दोन मोठे फोटो होते. एकाच बाईचे. दुसरा मी लगेच ओळखला. हात मांडीवर, मान सरळ, डोक्याला रुमाल, डोळे भिंतीकडे बघावं तसे. माझी सासू. तरुण, पण तीच.

पहिल्या फोटोतली बाई मी कधी पाहिली नव्हती. केस सुटलेले. एक हात वर केलेला, आणि तो हलल्यामुळे पुसट आलेला. तोंड उघडं. ती फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावत होती हे उघड होतं. पण ती नुसती संतापलेली नव्हती. त्या चेहऱ्यावर इतकं काही एकाच वेळी चाललं होतं की मला कुठे बघावं कळेना. राग होता, थकवा होता, आणि कुठेतरी, मी शपथेवर सांगतो, थट्टाही होती.

पहिल्याखाली लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियेपूर्वी. आक्रमक, असहकारी.' दुसऱ्याखाली, 'शस्त्रक्रियेनंतर. शांत, आज्ञाधारक. घरकाम पूर्ववत सुरू.'

आमच्यामागून एक जोडपं आलं. नवऱ्याने दोन्ही फोटो वाचले आणि बायकोच्या खांद्याला कोपर लावून म्हणाला, "बघ गं, हे ऑपरेशन अजून कुठे करून मिळतं का?" ती म्हणाली, "आधी तुझं करून घेऊ." दोघं हसत पुढे गेली. वाईट माणसं नव्हती. कुणीही केला असता तसा विनोद होता तो.

मामांनी खाली टेकायला काही आहे का बघितलं. मी त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. बराच वेळ ते गुडघे चोळत राहिले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

हिच्या पाठचा एक मुलगा झाला होता. तो जन्मला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर सासूबाईंची झोप उडाली. आधी नुसत्या जाग्या असायच्या. मग बोलायला लागल्या, मग ओरडायला. मूल दवाखान्यात अदलाबदल झालंय, आपलं जिवंत आहे, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. रस्त्यात कुणाच्याही कडेवरचं मूल ओढायच्या. एकदा हिला, म्हणजे माझ्या बायकोला, एवढ्याशा पोरीला घेऊन भर थंडीत बाहेर पडल्या आणि परक्या वस्तीत दारोदार विचारत फिरल्या. मामांना दोघी सापडल्या तेव्हा पोर निळी पडली होती.

"मी घाबरलो हो," मामा म्हणाले. "तिच्यासाठी नाही. पोरीसाठी."

दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, नवीन ऑपरेशन निघालंय. आपल्याच माणसाची बायको आहे, लगेच करून टाकू. मामांनी सही केली. ऑपरेशनच्या सकाळी डोकं भादरायला दुसरा माणूस देतो म्हणाले होते. मामांनीच नको म्हटलं. परक्याच्या हाताने तिला लागेल, असं त्यांना वाटलं.

"आणि त्या दिवशी ती शहाण्यासारखी बोलत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. खुर्चीवर बसली, मी साबण लावला, तर म्हणते कशी, 'कान तेवढे ठेवा. चष्मा लागला तर अडकवायचा कशाला?' मी हसलो. ती पण हसली. पोरगी जेवली का विचारलं. मग म्हणाली, 'मला ठाऊक आहे तो गेलाय. पण रात्री ठाऊक नसतं.' असं म्हणाली. इतकं नीट म्हणाली. माझा हात थांबला. मला वाटलं, आत जाऊन सांगावं, आज ती बरी आहे, आज नको. पण अर्धं डोकं झालं होतं. मोठे डॉक्टर हात धुऊन उभे होते. मी काय सांगणार? मी उरलेलं अर्धं केलं."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"ती आली बाहेर तेव्हा सगळे म्हणाले, किती शांत झाली," मामा म्हणाले. "मीही म्हणायचो. इतकी वर्षं म्हणत आलो की मला तो चेहरा आठवेनासाच झाला होता. तो पहिल्या फोटोतला. आमच्या लग्नातसुद्धा फोटो नव्हता काढला. आज बघितला तेव्हा मला कळलं, मी काय विसरलो होतो ते."

घरी आल्यावर मामा सरळ झोपायला गेले. मी हिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. मामांनी बाकावर सांगितलेलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. फोटोंचं सांगितलं. ही भांडी घासत होती. घासायची थांबली.

"आईला भिंतीवर टांगलीय? नाव नाही, गाव नाही, आणि खाली 'आज्ञाधारक'?"

"आधी बघून तरी ये," मी म्हटलं.

"बघायचंय काय? लोक हसतायत तिच्यावर, तूच म्हणालास ना?"

मी तो विनोद हिला सांगायला नको होता. पण सांगून बसलो होतो. हिचा जन्म तक्रारी ऐकण्यात गेलेला. तक्रार कशी करायची, कुणाला करायची, कोणत्या शब्दाने समोरचा हलतो, हे हिला पाठ. दुसऱ्याच दिवशी हिने संग्रहालयाला फोन लावला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली की घरच्यांच्या परवानगीशिवाय तुम्ही माझ्या आईचं आजारपण लोकांना दाखवताय. पलीकडची ती चष्मेवाली बाई फार ओशाळली म्हणे. वरिष्ठांच्या कानावर घालते म्हणाली.

या सगळ्यात मामांना विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. त्यांना त्रास नको, आपण परस्पर निस्तरू, असा आमचा शहाणपणा.

मामा त्या आठवड्यात रोज सकाळी बागेत जातो म्हणून बाहेर पडत होते. आम्हाला बरं वाटत होतं, म्हातारा हिंडतोफिरतो आहे. ते बागेत जात नव्हते. कठड्याला धरून, थांबत थांबत, तो सगळा जिना चढून संग्रहालयात जात होते आणि त्या अरुंद खोलीत पहिल्या फोटोपुढे उभे राहत होते. हे आम्हाला नंतर त्या बाईनेच सांगितलं. "आजोबा यायचे. मी त्यांना खुर्ची टाकून द्यायचे. मला वाटायचं, जुने कर्मचारी आहेत, मन रमतं." त्या आजोबांचा आणि तक्रार करणाऱ्या बाईचा काही संबंध असेल हे तिला कुठून कळणार? मामांनी तिला सांगितलं नव्हतं की फोटोतली बाई आपली कोण.

एके दिवशी मामा लवकर परत आले. बूट न काढता पलंगावर बसले.

"काढून टाकला," ते म्हणाले.

ही भाजी चिरत होती. तिला आधी आनंदच झाला. "काढला ना? मीच सांगितलं होतं. फोन केला होता मी त्यांना."

मामांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "दोन्ही काढायला सांगितलंस?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते कुठे जात होते, काय बघत होते. ही विळीवरून उठली आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

"बाबा, मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? मला वाटलं, खालची पाटी तेवढी बदलतील. 'असहकारी' काढा, एवढं सांगावं म्हणत होतो त्या पोरीला. रोज म्हणत होतो, उद्या सांगू." मग म्हणाले, "ती काहीतरी बोलतेय त्या फोटोत. तोंड उघडं आहे. मी ओठांवरून ओळखायचा प्रयत्न करत होतो. जवळजवळ आलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रजा टाकून संग्रहालयात गेलो. भिंतीवर फोटोंच्या जागी एक सुबक फलक होता. नातेवाइकांच्या भावनांचा आदर राखून येथील छायाचित्रे हटवण्यात आली आहेत. चष्मेवाली बाई आम्हाला बघून उभीच राहिली. हिने तिला सगळं सांगितलं. मला एकदा बघू द्या, माझ्या वडिलांना एक प्रत द्या, आम्ही कुठे छापणार नाही. त्या बाईचे डोळे भरून आले, पण फोटो तिच्या हातात नव्हते. ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे परत गेले होते, आणि तिथे पेशंटच्या खासगी गोष्टी म्हणून सीलबंद झाले होते.

महाविद्यालयात आम्हाला एका साहेबांपुढे बसवलं. तेही वाईट नव्हते. पाणी मागवलं. म्हणाले, "पेशंटची ओळख पटल्याशिवाय फोटो कुणालाही दाखवता येत नाही. नियम कडक केले, ते तुमच्याच तक्रारीनंतर. आता फोटोवर नाव नाही. त्या काळातले कागद इमारत बदलताना भिजून गेले. ती तुमचीच आई कशावरून?"

"मी सांगते ना. माझे वडील सांगतायत. हे सांगतायत."

"तुम्ही फोटो पाहिलाय?"

हिने माझ्याकडे बघितलं.

"मी पाहिलाय," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांना त्या वयात पाहिलं होतं?"

मी समोरचा पाण्याचा पेला उचलला.

मामांना आणा म्हणाले, ते ओळखतील तर बघू, समितीपुढे ठेवू. पण मामांचा जिना तिथेच संपला होता. ते घराबाहेर पडेनात. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. मी त्यांना एकदा म्हटलं, "मामा, एक शेवटचा प्रयत्न करू, टॅक्सीने जाऊ." ते म्हणाले, "आणि त्यांनी दाखवला, आणि मला ती ओळखू आली नाही तर?" मी म्हटलं, असं कसं होईल. ते म्हणाले, "आता डोळे मिटले की दुसरा येतो. दुसराच येतो सारखा."

ही त्यांच्यापाशी बसायची. "बाबा, सांगा ना, कशी होती आई?" ते सुरुवात करायचे. बोलकी होती म्हणायचे. एकदा म्हणाले, शेजारपाजारचे तिच्या आवाजावरून वेळ ओळखायचे. ही एकेक शब्द टिपून घ्यायची, डोळे फाडून, लहान पोरीसारखी. पण मामा दोन वाक्यांच्या पुढे जायचे नाहीत. मध्येच थांबायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. दुखतंय का विचारलं तर मान हलवायचे, आणि ती हो होती की नाही ते कळायचं नाही. वसंत लागायच्या आत ते गेले. हजामतीच्या वेळचं ते बोलणं माझ्यापाशी तसंच राहिलं. मी ते हिला अजून सांगितलेलं नाही. सांगून तिला आई मिळेल की बापही जाईल, हे मला ठरवता येत नाही.

आम्ही देऊन ठेवलेल्या अर्जाला समितीचं उत्तर आलं. ओळख पटवणारी व्यक्ती हयात नसल्याने विनंती मान्य करता येत नाही.

आता तो चेहरा बघितलेला घरात मी एकटा उरलोय. ही मला विचारते. आधी रोज विचारायची. मी आठवून आठवून सांगायचो. केस कसे होते, नजर कशी होती. पण एक चेहरा किती दिवस सांगणार? मी तो काही मिनिटंच पाहिला होता, तोही एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरून. सांगता सांगता शब्दच पाठ झाले, आणि शब्दांमागचं पुसट होत गेलं.

"वर केलेला हात डावा होता," मी परवा म्हणालो.

"मागे तू उजवा म्हणाला होतास."

मी पुष्कळ आठवायचा प्रयत्न केला. ही वाट बघत बसली होती, हातात पाण्याचा पेला धरून. मग तिने तो पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "राहू दे. पाणी पी."

त्यानंतर तिने विचारलेलं नाही.